लिटरला किती

४ जानेवारी

ती. आजीस सा. न.

दवाखान्यात माझी ड्यूटी आता सकाळी सहाची झाली आणि पहिली बस पोचते सातला. रोज जाऊन-येऊन तीस किलोमीटर, म्हणून जुनी छोटी गाडी घ्यायची म्हणते. दोन पाहून आले. पांढरी लिटरला बावीस देते, करडी एकोणीस. गाडीतलं कळणारं घरात आता तूच उरलीस. कोणती घेऊ?

तुझी टिटवी

९ जानेवारी

चि. टिटवीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीनं उकरल्यासारखंच. कुठलीच घेऊ नकोस. ड्यूटी बदलून माग, नाहीतर दवाखान्याजवळ खोली बघ. तुझे आजोबा गॅरेजात फिटर होते, मी त्यांच्या हातात पाने देत बसायचे. तेवढ्यानं कुणी शहाणं होत नाही.

मांजर व्यायली. चार पिल्लं, एक आंधळं. गुडघे आहेत तसेच.

आजी

१५ जानेवारी

ती. आजीस सा. न.

पिल्लं मोजून कळवलीस, गाडीचं उत्तर नाही. खोली मिळत नाही, ड्यूटी बदलत नाही. मेट्रन म्हणाल्या, सहाला हजर राहा नाहीतर राजीनामा दे. तू पुन्हा नको म्हणालीस तर नोकरी सोडून तिकडेच येते.

बाबांची गाडी आठवते म्हणून टाळतेस ना? किती मिरवायचे तिला! मी स्वतः पारखून घेतली, असं सगळ्यांना सांगायचे.

टिटवी

२१ जानेवारी

चि. टिटवीस,

तुझा बाप खोटारडा. ती गाडी मी निवडली. त्याला दुसरी आवडली होती, जड. ती पेट्रोल फार पिते म्हणून मी नाक मुरडलं. सकाळीच जाऊन हलकीच्या बॉनेटवर हात ठेवला. गार होतं, म्हणजे खोड लपवायला विकणाऱ्यानं आधीच चालू करून ठेवली नव्हती. टायर चारही सारखे झिजलेले. लिटरला किती ते दोनदा विचारलं. समोरून ट्रक आला तर आतल्या माणसाचं काय, हे एकदाही विचारलं नाही.

लोक म्हणतात, ट्रकवाल्याची चूक. असेल. गाडी मी घ्यायला लावली. आईचं ऐकलं म्हणायची मेल्याला लाज वाटली असेल. ‘मेला’ हा शब्द आता तोंडातून जायला हवा. दोन वर्षं झाली, जात नाही.

नोकरी सोडून आलीस तर दारात उभी करणार नाही. धडक बसली की फुगतात ते फुगे पुढे आहेत का बघ. त्याच्या गाडीत नव्हते. फुगे असलेलीच घे, लिटरला पंधरा दिले तरी. मला एवढ्या लांब येववत नाही, तेव्हा बॉनेटवर तुझा हात ठेव. गरम लागलं तर माघारी फीर आणि दुसऱ्या दिवशी न सांगता जा.

आजी

२ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न.

पांढरीत फुगे नाहीत, करडीत दोन आहेत. पहिल्या दिवशी बॉनेट गरम लागलं, माघारी आले. काल न सांगता गेले. गार होतं, तरी एका झटक्यात चालू झाली. बॉनेटवरचा हात उचलवेना, विकणारा बघत राहिला. घेतली.

टिटवी

८ फेब्रुवारी

चि. टिटवीस आशीर्वाद.

बरं केलंस. आंधळं पिल्लू गेलं, बाकीची दूध पितात.

लोभ आहे तेवढा पुरे, गाडी हळू चालव. आणि रोज पोचलीस की एक कार्ड टाक. फोन नको, फोनवर मला काही सुचत नाही. कार्ड यायला चार दिवस लागतात, लागू देत. चार दिवसांपूर्वी तू पोचली होतीस, एवढं तरी मला रोज कळत राहील.

आजी