कलती कुंडी कुणाच्या नावे

शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

दहा महिन्यांनी ही वही उघडते आहे. वहीची माफी मागावी असं वाटतं, कारण वेळ नव्हता हे खरं नाही. जानेवारीत एक गोष्ट हाती लागली आणि ती इथे लिहिली की खरी होईल, या भीतीने मी लिहिणंच सोडलं. मंगळवारी पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात किरकोळ. तरीही मागे राहिलेल्यांना कपाटं उचकटावी लागू नयेत, म्हणून वय वर्षे शेहेचाळीस, शुद्ध हरपलेली नाही, कुणी हात धरून लिहवून घेत नाही, अशा स्थितीत माझ्यामागे काय व्हावं ते लिहिते.

१. राहती दोन खोल्यांची जागा धाकट्या बहिणीला. न्हाणीघराची कडी वर उचलून लावावी लागते. विकायची असेल तर खुशाल विकावी, माझ्या आठवणीसाठी अडकून पडू नये.

२. बँकेत असेल ते भाचीला, विनाअट. तिने काय शिकावं यावर तिच्या आईने भाषण देऊ नये. मी पुष्कळ दिलेली आहेत.

३. शेडमधल्या सहा टाक्या, मासे, खडीचे वाफे आणि पंप हे सगळं नऊ वर्षं माझ्याबरोबर राबणाऱ्या ताईंना. माशांची घाण पाण्यात, ते पाणी पालेभाजीला, भाजीने शुद्ध केलेलं पाणी पुन्हा माशांना, हे चक्र त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. एकच विनंती: मासे तोंड वर काढू लागले तर आधी खाणं बंद करा, मग मला शिव्या द्या.

४. मोठ्या दिरांना काही नाही. आम्ही वेगळे झालो तेव्हा ते चारचौघांत म्हणाले होते, "मासे पाळणारीला माणूस पाळता आला नाही." माफ केलं असं लिहून पाहिलं, पण मृत्युपत्रात खोटं लिहू नये. वाक्य चांगलं होतं, हे मात्र मान्य.

५. पेटंट. कलत्या कुंडीचं माझ्या नावावरचं पेटंट माझ्या पूर्वीच्या नवऱ्याला द्यावं.

हे कलम लिहून तासभर बसले आहे. कारण सांगायला हवं.

कुंडी त्याची. तो प्लंबर. आडव्या दांडीवर पत्र्याची कुंडी टांगलेली, पाणी भरत गेलं की जड होऊन कलंडते, वाफ्यात रिकामी होते आणि आपोआप सरळ होते. पाणी ठरावीक वेळाने सोडायला घड्याळ नको, वीज कमी, आणि पडत्या पाण्याने माशांना हवा मिळते. मी आकृत्या काढल्या, मोजमापं घेतली, अर्ज लिहिला. तो म्हणायचा, "अगं, पाणी वरून खाली येतं, त्याचं कसलं पेटंट?" येईल त्याला तो कुंडी उघडून दाखवायचा. त्यावरून आमचं आठवडाभर बिनसलं होतं. त्याच आठवड्यात वकिलांनी विचारलं, "शोध कुणाचा?" मी म्हटलं, "माझा." फक्त दोन अक्षरं. रागात म्हटलं की लोभात, हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारते आहे. उत्तर दर वर्षी बदलतं.

प्रमाणपत्र आलं, मी भिंतीवर लावलं. त्याने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. "नाव छान आलंय हं तुझं," एवढंच बोलला. महिन्याभराने हत्यारांची पिशवी घेऊन गेला. भांडला असता तर मी जिंकले असते आणि तो राहिला असता, असं मला उगीच वाटत राहतं. आजही शेडमध्ये कुंडी कलंडली की मी दाराकडे बघते. तो आवाज त्याच्या येण्याचा नाही, हे कानांना अजून पटत नाही.

आता खतांची एक मोठी कंपनी हे पेटंट मोडायला निघाली आहे. अर्जाच्या तारखेआधी ती गोष्ट जगात कुठेही उघड झालेली असली, तर पेटंट टिकत नाही. त्यांनी भातखाचरात मासे पाळण्याच्या जुन्या पद्धतीपासून तीनशे पानांचे दाखले उकरले, पण कुंडी कुठे सापडली नाही. मला सापडली. जानेवारीत वाचनालयाने जुने अहवाल रद्दीत काढले, त्यातल्या एकात फोटो आहे. वाचनालयाच्या अंगणात तो उन्हाने डोळे बारीक करून उभा, शेजारी कलंडलेली कुंडी आणि तिच्याखाली मी, हसणारी. खाली त्याचं नाव, 'यांनी स्वतः बनवलेली कुंडी' अशी ओळ आणि तारीख. माझ्या अर्जाच्या चौदा महिने आधीची.

म्हणजे पहिला तो होता, हे सिद्ध करणारा एकमेव कागद माझ्याकडे आहे. पण तो दाखवला की पेटंटच उरत नाही. जे आधीच सगळ्यांसमोर होतं ते माझं नाही, त्याचंही नाही, कंपनीसकट कुणीही बनवावं. कागद लपवला तर चोरीचा माल त्याच्या पदरात घालणार. दाखवला तर त्याचं नाव लागणार आणि हाती काही नाही. सुनावणी अठ्ठावीस तारखेला.

साक्षीला शेजारच्या शिवणकामवाल्या काकू आणि औषधांच्या दुकानातले काका आले. काकूंनी चष्म्यावरून पाहिलं.

"खड्याच्या ऑपरेशनला मृत्युपत्र! दात काढताना काय करशील? बरं, हे पाचवं काय ठरलं?"

"तेच कळत नाही. पेटंट ठेवू की मोडू?"

"त्याला काय हवंय?"

"माहीत नाही."

"विचारलंस?"

काका म्हणाले, "औषधसुद्धा आम्ही विचारून देतो हो, बाई."

तेव्हा उजेड पडला. त्याच्या गोष्टीवर त्याला न विचारता मी दुसऱ्यांदा सही करायला बसले होते. या वेळी तर मेल्यानंतर, म्हणजे त्याला उलट बोलायचीही सोय नाही. देण्याचा आव आणून मी पुन्हा एकटीच ठरवत होते. कलम पाच मी खोडते आहे, शेजारी सही केली आहे. त्याच्या उत्तराप्रमाणे ते नव्याने लिहीन. त्याआधी माझं काही बरंवाईट झालं, तर अहवाल आणि ही वही दोन्ही त्याच्या हाती द्यावीत. काय करायचं ते तो ठरवेल.

बाकीची कलमं कायम. आम्ही तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या.

लिहून देणार: (सही) शेडवाली, लोक म्हणतात ती मासेबाई
साक्षीदार पहिली: (सही) शेजारच्या शिवणकामवाल्या काकू
साक्षीदार दुसरे: (सही) औषधांच्या दुकानातले काका
ठिकाण: शेडमधलं रोपांचं टेबल
तारीख: वर लिहिलेलीच

उद्या: सकाळी आठच्या आत त्याला फोन करणे. आठनंतर त्याचे हात ओले असतात.