पट्ट्यावरची खूण

२ नोव्हेंबर १९५५, चिंचवड

सभेत पाऊण तास बोललो. घसा बसला, जीव मात्र थाऱ्यावर नाही.

मिल्डाबाई — औषधाच्या कारखान्यातल्या परदेशी इंजिनियरची बायको — धर्मशाळेत गावच्या बायकांना पट्टे विणायला शिकवतात. काल बायकोला, दुर्गेला, आणायला गेलो. ताण्याच्या उभ्या धाग्यांचे एक टोक खांबाला, दुसरे बाईंच्या कमरेला, आणि लाल-पांढऱ्या विणीत हिटलरचे चिन्ह!

गावातले सोपानराव मध्येच उठले. म्हणाले, राव, हे तर दारातलं स्वस्तिक. मी गरजलो, "चिन्ह पाहू नका, हात पाहा कुणाचे, जर्मन बाईचे!" टाळ्या थांबेनात.

३ नोव्हेंबर

पंचांनी धर्मशाळेला कुलूप घातले. दुर्गा माझ्याशी बोलत नाही.

६ नोव्हेंबर

आज बोलली. बाई जर्मन नाहीतच, लाटव्हियाच्या! युद्धात देश गेला. पाच वर्षे निर्वासितांच्या छावणीत. ही खूण त्यांच्या आजीच्या पट्ट्यातली, घर राखणारी. लोक बिचकतात म्हणून दहा वर्षे त्यांनी ती विणली नव्हती. इथे दारोदारी पाहिली आणि रडल्या.

"मोडक्या हिंदीत म्हणाल्या, इथं कुणी भिणार न्हाई."

आता काय करतात, मी विचारले.

"उसवत्यात."

एवढी पुस्तके वाचली मी! छापलेले ओळखले. उंबऱ्यावर रोज ओलांडतो ते नाही.

१० नोव्हेंबर

भर सभेत चूक कबूल केली. त्यालाही टाळ्या — शरम वाटली. कुलूप निघाले, बाई आल्या, शिकवून गेल्या. नव्या पट्ट्यात सगळ्या खुणा. ती एक सोडून.

दुर्गा म्हणाली, "त्यांना मराठी कुठं येतंय? तुमी लोकांशी बोललात. त्यांच्याशी न्हाई."

११ नोव्हेंबर

दोनदा त्यांच्या फाटकापर्यंत जाऊन परतलो. भाषण पाठ होते, तरी!

१३ नोव्हेंबर, दिवाळी

दारात दुर्गेची रांगोळी. कमळ, दिवे, लक्ष्मीची पावले. स्वस्तिक नाही.

का, म्हणून विचारले.

"तुमी वाचलंय न्हवं, कशाची खूण ती."

रांगोळीची चिमूट घेऊन उंबऱ्याशी बसलो. स्वस्तिकाची पहिली रेघ कुठून ओढतात, ठाऊक नाही.

जोडे घालतो. मिल्डाबाईंना विचारून येतो.