चुन्याच्या रेघेमागचा पाय

तात्या,

मे महिन्यातला दुसरा रविवार, संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं. मी चौदा वर्षांची. कारखान्याच्या मैदानावर माझ्या चेंडूनं मोठ्या साहेबांचा मधला स्टंप उडवला आणि अंपायर म्हणून उभे असलेल्या तुम्ही हात आडवा केलात. नो-बॉल! तुम्ही वजनकाट्यावरचे कारकून. गाडीभर उसात पावशेराची चूक खपवून घेत नव्हतात. "माझा पाय मागं होता," मी म्हणाले. तुम्ही खालच्या आवाजात म्हणालात, "गप बस की गं. सायबांफुडं वाद न्हाय घालायचा." आणि चपलेनं माझ्या बुटाचा ठसा पुसलात. सुट्टी संपल्यावर मी पुण्याच्या कॉन्व्हेंटात परतले. तिथं नन्सनी मला इंग्रजीत भांडायला शिकवलं. तुमच्यापुढं ते काय कामाचं? चेंडू पुन्हा हातात घेतला तो थेट नातीसाठी, इथं काटेवाडीत, गोठ्यामागं.

ती आता इंग्लंडच्या विद्यापीठात खेळते. पहिलं वर्ष पाणी नेण्यात आणि धावा लिहिण्यात गेलं, दुसरं दुसऱ्या संघात. यंदा पहिल्या संघात! ऑफस्पिन तीच, तुम्ही मला लिंबू धरायला लावून शिकवलेली. गेल्या शनिवारी पहिल्याच सामन्यात तिनं समोरच्या कप्तानबाईंचा त्रिफळा उडवला, तर अंपायरनं नो-बॉल दिला. ती फोनवर सांगत होती, "आजी, मी सरळ विचारलं, पाय कुठं पडला ते दाखवा."

"मग?"

"त्यानं वाकून बघितलं. म्हणाला, निर्णय राहील, पण चूक माझी. पुढच्या षटकात मी तिला परत उडवलं."

मी अशी ओरडले की धार काढणारी सून धावत आली. "आई, पडलात का काय?"

"मी न्हाय, विकेट पडली!"

मग नात म्हणाली, "तुझ्या वेळी पणजोबाच चुकले होते ना?"

"नाही गं," मी म्हणाले, "माझा पाय खरंच पुढं होता."

तिच्याशी मी एवढं एकच खोटं बोलले, तात्या, आणि तेही तुमच्यासाठी. विचारायला हवं होतं, ते तिनं विचारलं. मी मात्र तुम्ही असेपर्यंत गप्प राहिले. आता लिहिलं, तर पाकिटावर घालायला पत्ता नाही. तरी सांगून ठेवते: येत्या शनिवारी दुपारी साडेतीनला तिचा पुढचा सामना आहे. पाय कुठं होता, याचं लेखी उत्तर मला त्याआधी हवं. एक शब्द पुरे.