खोट शेवटच्या ओळीत

४ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तू ते कबूल करत नाहीस.

वैमानिकाचा परवाना हातात येऊन वर्ष होत आलं आणि मी अजून फ्लाइंग क्लबच्या काउंटरवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना बाथरूम कुठे आहे ते सांगतेय. मोठ्या कंपन्यांना हजारो तासांचं उड्डाण लागतं. माझे जेमतेम दोनशे दहा तास. आता तुमच्यासारख्या डोंगरापलीकडच्या गावांना विमानाने पार्सलं पोचवणाऱ्या एका छोट्या कंपनीत सहवैमानिकाची एकच जागा निघालीय आणि नवखे चालतील असं त्यांनी स्वतःच म्हटलंय. अशी जागा पुन्हा कधी निघेल देव जाणे. ही गेली तर शिकलेलं विसरून मी काउंटरवरच म्हातारी होणार.

बायोडेटा लिहायला बसले तर अर्ध्या पानात संपला. समास वाढवले, अक्षरं मोठी केली, तरी खाली गादी घालून झोपता येईल एवढी जागा उरते. तू जन्मभर लग्नं जुळवण्याचं कार्यालय चालवलंस. ज्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नव्हतं त्यांचीही माहिती लिहिलीस आणि त्यांना बोहल्यावर चढवलंस. आता मलाही उजव.

लोभ आहे तेवढा ठेव, वाढवलास तरी हरकत नाही.

तुझी,
भिंगरी

११ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मला फोनवर स्वच्छ ऐकू येतं, तुम्ही लोक पुटपुटता.

सोबत दोन पानी मजकूर आहे. वाचून नाक मुरडशील. स्वतःची माहिती वाचून नाक न मुरडलेली मुलगी मी अजून पाहिली नाही. उंची, तब्येत, घरची माणसं सगळं आलंय. ‘विमानाला सांभाळून घेणारी’ असं मुद्दाम घातलं. ‘चष्मा नाही’ ठळक केलं. ‘स्वभाव शांत’ लिहिताना हात अडखळला, पण लिहिलं.

आता शेवटची ओळ. स्थळाची एक खोट आपणहून सांगून टाकायची, ही माझ्या कार्यालयाची पद्धत. चौकशी करणाऱ्याला ती कुठून ना कुठून कळतेच. आपण आधी सांगितली की त्याला वरचं सगळं खरं वाटतं. म्हणून शेवटी लिहिलंय: ‘मुलगी एकदा अर्ध्या वाटेतून विमान परत घेऊन आली.’

तुझ्या आईला सांग, गुडघा दुखतो म्हणून घरात बसून राहू नकोस. तुझाही लोभ असू दे, मजकूर वाचल्यानंतरसुद्धा.

तुझा,
मामा

१६ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मामा, त्यांना सून नकोय!

‘घरकामाची आवड’ हे तू कोणाबद्दल लिहिलंयस? आईने ती ओळ मोठ्याने वाचली आणि हसता हसता तिला ठसका लागला. पण ते जाऊ दे, ते मी काढेन. शेवटची ओळ वाचून मात्र मी हबकलेच. तुला ठाऊक आहे काय झालं होतं. एकटीने लांबचं उड्डाण करायचं होतं. समोर डोंगरावर ढग खाली आलेले दिसले, मी वळले आणि परत आले. माझ्या मागून निघालेला एक पोरगा मात्र बेधडक पुढे गेला, पलीकडे उतरला आणि संध्याकाळी शीळ घालत परत आला. त्या दिवसापासून क्लबात मला सगळे ‘रिटर्न तिकीट’ म्हणतात. हे मी विसरायला बघतेय आणि तू ते टाइप करतोयस!

मी एक पानी बायोडेटा नव्याने लिहितेय. तुझा मजकूर कपाटात राहू दे. रागावले असले तरी तुझीच आहे.

भिंगरी

२० जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

आधी एक ग्लास पाणी पी आणि मग पुढे वाच.

मजकूर कपाटात नाही. तुला पाठवला त्याच दिवशी कंपनीलाही पाठवला. मुलीने स्वतःची माहिती स्वतः घेऊन दारात जाणं बरं दिसत नाही, मध्ये कोणीतरी वडीलधारं लागतं. इतकी वर्षं असंच केलं, हात त्याच वळणाने गेला. फोटोही जोडलाय, मावसभावाच्या लग्नातला. आइस्क्रीम खातेस तो. त्यात तू प्रसन्न दिसतेस.

मला शिक्षाही झालीय. पाकीट बंद करायला बसलो तो थेट चष्म्यावर. नवा तिकडच्याच दुकानातून करून घ्यायला तुझ्या आईला कळवतोय. तोवर अक्षर गोड मानून घे.

तुझा,
मामा

२४ जून

ती. मामास,
नमस्कार.

आज मुदत संपली. माझा एक पानी बायोडेटा मी पाठवला होता. ‘तुमचा अर्ज आधीच आला आहे’ असं त्यांच्याकडून उत्तर आलं. पुढे काय लिहू? दोन दिवस जेवण जात नाहीये. आई म्हणते, तुझा हेतू चांगला होता. मला माहीत आहे, म्हणून तर धड रागावताही येत नाही.

भिंगरी

१ जुलै

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या कंपनीतून मुख्य वैमानिकांचा फोन आला. पत्ता आणि नंबर माझाच दिला होता. गृहस्थ भला वाटला, स्पष्ट बोलतो, पुटपुटत नाही. त्याने तुझी चौकशी केली, मग मीही त्याची केली. घरात विमानं किती? दोन. वय? थोरलं विमान तुझ्यापेक्षा मोठं आहे म्हणाला. मी म्हटलं, वयातलं अंतर आमच्याकडे चालतं. वैमानिकांना नीट झोपू देता का, हेही विचारलं. त्यावर तो खोकल्यासारखं करायला लागला. बहुधा हसत असावा.

येत्या सोमवारी तुला बघायला, म्हणजे मुलाखतीला, बोलावलंय. इस्त्रीचे कपडे घाल आणि खरं बोल.

तुझा,
मामा

१२ जुलै

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

मामा, झालं! जागा मिळाली!

खोली लहान, टेबलावर नकाशे, गार झालेला चहा आणि वर माझा आइस्क्रीमचा फोटो. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. मुख्य वैमानिकांनी तासांबद्दल विचारलंच नाही. म्हणाले, आलेला प्रत्येक जण कुठे कुठे पोचलो ते लिहितो, कुठून परत फिरलो ते एकानेही लिहिलेलं नाही. मग विचारलं, परत आल्यावर काय वाटलं? तू खरं बोलायला सांगितलं होतंस, म्हणून सांगितलं की फार लाज वाटली. पुन्हा तसे ढग दिसले तर? म्हटलं, पुन्हा लाज वाटेल आणि पुन्हा परत येईन. त्यांनी फोटो उचलून माझ्या हातात दिला आणि कधीपासून येता म्हणाले.

नेमणुकीच्या पत्राची शेवटची ओळ ऐक: ‘आमची खोट: कॉकपिटमधला हीटर चालत नाही, स्वेटर आणावा.’ तुझ्या कार्यालयाची शाखा उघडली म्हणायची.

तुझा चष्मा तयार झाला की आई आमच्याच पार्सलने पाठवणार आहे. मामा, त्या दिवशी पत्रात फार तुटकपणे वागले. पोटात घाल आणि लोभ अजून थोडा वाढव.

तुझी,
भिंगरी

९ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चष्मा मिळाला, पण एक दिवस उशिरा. काल तुमच्या पार्सलच्या काउंटरवर भांडायला गेलो होतो. चष्म्याशिवाय माणसाने काय करायचं, म्हणून चांगला आवाज चढवला. मागे रांगेत उभी असलेली माणसंही माझ्या बाजूने बोलायला लागली. काउंटरवरचा माणूस हात जोडून म्हणाला, काका, डोंगरावर ढग उतरले होते, नव्या पायलटबाईंनी धोका सांगितला आणि कॅप्टननी विमान अर्ध्या वाटेतून परत नेलं.

मी तिथल्या बाकावर बसलोच. डोळे भरून आले होते, त्यात चष्मा नाही, काही म्हणजे काही दिसेना. मग उठलो आणि रांगेकडे वळून सगळ्यांना सांगितलं, उगाच आरडाओरडा करू नका, ती आमची मुलगी आहे.

तुझा,
मामा