मर्लच्या डॉलरचा रंग

४ मार्च
आमच्या नाणेसंग्राहक मंडळाची सभा चर्चच्या तळघरात भरते. तिथे एकच धड दिवा आहे आणि तो दर वेळी मर्ल टीट्सवर्थच्या खुर्चीमागेच असतो. याहून किरकोळ अन्यायापायी साम्राज्यं बुडाली आहेत. आज त्याच दिव्याखाली मर्लनं १८८४चा चांदीचा डॉलर काढला. बँकेच्या कापडी पिशवीत वर्षानुवर्षं पडून त्याच्या कडेला निळी-जांभळी झाक चढलीय. सगळे माना वाकड्या करून बघत होते. मीही दोनदा बघितला. खोट काढायला.

५ मार्च
झोप नाही. कॉफीमुळे. काळवंडलेल्या चांदीचं एवढं कौतुक असेल, तर आमच्या काटेचमच्यांचंही प्रदर्शन मांडावं. माझ्याकडे बाबांचा १८८०चा डॉलर आहे. तो पंधरा तारखेच्या प्रदर्शनात ठेवणार. त्याला रंगबिंग काही नाही, आणि गरजही नाही.

६ मार्च
थोडा रंग असता तर बरं.

१० मार्च
उकडलेल्या अंड्यांच्या वाफेनं चांदीला रंग चढतो म्हणे. बंद डब्यात अंडी आणि बाबांचा डॉलर ठेवला. ही फसवणूक नव्हे. मर्लच्या पिशवीनं जे शंभर वर्षांत केलं, ते मी आठवड्यात उरकतोय, इतकंच. बायकोनं, व्हर्नानं, सॅलडची अंडी कुठे गेली म्हणून विचारलं. संशोधनाला, म्हणालो. ती म्हणाली, "लाईल, तुझ्या संशोधनाला वास येतोय."

१२ मार्च
सोनेरी झाक! इथे थांबायला हवं. पण मर्लचा जांभळा आहे. अजून एक रात्र.

१३ मार्च
काळा. तव्यासारखा.

१४ मार्च
जुनं नाणं कधी घासायचं नाही, हा मंडळाचा पहिला नियम. मी घासलं नाही. खाण्याचा सोडा, ओलं फडकं आणि थोडा जोर, याला पुसणं म्हणतात. आता लखलखतंय. नाण्यावरच्या स्वातंत्र्यदेवीचे केस जरा विरळ झालेत, पण तिच्या वयाला चालायचंच.

१५ मार्च
प्रदर्शन. आमच्याकडे मतदानाला प्रत्येक जण एक सेंटचं नाणं आणतो आणि आवडलेल्या नाण्यापुढच्या पेल्यात टाकतो. मर्लचा पेला भरून वाहत होता. माझ्या टेबलापाशी लोक हवामानाबद्दल बोलत होते. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी माझा डॉलर कडेनं धरून दिव्याखाली तिरका केला, जपून खाली ठेवला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. प्रेतयात्रेत ठेवतात तसा.
माझ्या पेल्यात दोन सेंट. एक माझा. मी डोळे मिटून टाकला होता, पेला माझाच निघाला. पण दुसरा! म्हणजे या गावात एक तरी जाणकार आहे. मर्ल नव्हे, हे नक्की.

१६ मार्च
दुसरा सेंट मर्लचा.
व्हर्नानं त्याला टाकताना बघितलं होतं. का टाकलास, असं तिनं विचारलं, तर म्हणाला, "लाईलच्या वडिलांनी हा डॉलर मला लहानपणी दाखवला होता गं. कडेला फिकट निळा रंग होता. तो बघूनच मी या नादाला लागलो."
फिकट निळा. तो डॉलर चाळीस वर्षं माझ्या कपाटात होता. मी कधी दिव्याखाली धरून बघितलाच नाही.
संध्याकाळी चालत मर्लच्या घरापर्यंत गेलो. आत दिवा होता. बेल वाजवली नाही. त्याच्या पत्रपेटीत एक सेंट टाकला आणि परत आलो.
पुसला नव्हता.