चौदावी जागा

सोमवार, ८ डिसेंबर

आदिनाथचा उजवा हात कोपराखालून काढला. नांदेडच्या दवाखान्यातून सिंधूने, त्याच्या बायकोने, फोन करून सांगितलं. सही तिचीच घेतली. रडली नाही. तो अजून बोटं हलवून राहिलाय म्हणतो, एवढंच म्हणाली.

तो उमरीच्या जिनिंगमधला कामगार. तिथली प्रेस, कापसाची गाठ दाबणारी. दार उघडं, अडकलेला कापूस ओढायला हात आत — आणि दट्ट्या खाली आला. दार उघडं असताना दट्ट्या हलत नाही, असं आमच्या माहितीपत्रकात छापलंय. ते लिहिलंय मी.

दाराला सेन्सर. सेन्सरपासून संगणकापर्यंत यूएसबी वायर. दार उघडं की बंद, हे त्या वायरीवरून वाचणारा ड्रायव्हर, म्हणजे संगणकातला छोटा प्रोग्राम, आमच्या लातूरच्या ऑफिसात लिहिलेला. आमचे मालक रामलिंगअप्पा म्हणाले, वाचताना चूक आली तर ड्रायव्हर काय करतो तेवढंच तपासा. शुक्रवारी पोलिसांना अहवाल द्यायचा. चूक कामगाराचीच निघेल, असंही म्हणाले. तपासायच्या आधीच!

याच ड्रायव्हरवर अजून पाच प्रेस चालू आहेत.

मंगळवार, ९

उमरी. ती गाठ पंचनाम्यासाठी तशीच ठेवलीय. एका अंगाने काळी पडलीय. कापूस रक्त किती पितो, आज कळलं. चप्पल चिकटत होती.

यूएसबीची वायर सुतळीने बांधलेली. हादऱ्याने ढिली होते, मग काढून परत लावायची — सगळे तेच करतात. कुणी शिकवलं, विचारलं. एक हमाल हसला. "तुमच्याच हापिसानं. फोन केला की बाई म्हनायची, काढा अन् लावा."

ती बाई बहुतेक वेळा मीच.

आदिनाथचा मोठा भाऊ शेषेराव आला. हातात गाठ आवळायची लोखंडी पट्टी. आधी संगणक फोडला. काच माझ्या पायापर्यंत उडाली. मग जवळ येऊन हळू म्हणाला, "कोनी लिवलं हे? नाव सांगा."

बघून सांगते, म्हणाले.

बुधवार, १०

वाचलं. वायरीवरून वाचताना चूक येऊ शकते अशा चौदा जागा. तेरा ठिकाणी सरळ — चूक आली की प्रेस थांबवा. चौदावी दाराची. तिथं चूक आली तर ड्रायव्हर ती गिळतो आणि मागचंच उत्तर पुढे देतो. मागचं उत्तर होतं: दार बंद. वायर निसटली, आदिनाथने दार उघडलं, ड्रायव्हर म्हणत राहिला, बंद आहे. बंद आहे. वेळ झाली, दट्ट्या आला.

लिहिणारा श्रीशैल, एप्रिलमध्ये. शिरूर अनंतपाळचा मुलगा, ऑगस्टमध्ये नोकरी सोडून घरी गेला. खाली दुसरी ओळ माझी — तपासलं: दिलशाद. शेरा: ठीक.

एप्रिलच्या त्या दुपारी मी त्रेचाळीस फाइली पाहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी माल जायचा होता.

अप्पांना म्हणाले, पाचही प्रेस आजच थांबवा. सीझनमध्ये? — ते म्हणाले, पूर्ण अहवाल आणा, मग बघू.

दुपारी शेषेराव ऑफिसच्या फाटकात. अप्पांची कॉलर धरून भिंतीवर दोनदा आपटलं. तिसऱ्यांदा आपटायच्या आत अप्पांनी नाव सांगितलं. श्रीशैलचं. गावासकट.

मी आत बसले होते. दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. समोरच्या पडद्यावर माझं नाव. उठले नाही.

श्रीशैलला फोनही केला नाही. काय सांगणार होते? पळ?

गुरुवार, ११

श्रीशैलला मारलं. सकाळी, स्टँडजवळ, त्याच पट्टीने. जबडा मोडला, डोकं फुटलं. लातूरला आणलंय, शुद्ध नाही. शेषेराव पळाला नाही. पट्टी हातात घेऊन तिथंच उभा राहिला म्हणे, पण पोलीस यायला तासभर लागला. शेवटी घरी निघून गेला.

शुक्रवार, १२

अहवाल लिहिताना एप्रिलचे जुने मेल काढले. श्रीशैलने विचारलं होतं: "मॅडम, इथं मागचं उत्तर धरणं मला बरोबर वाटत नाही. वायर निसटली तर प्रेस थांबवू का?"

माझं उत्तर चार मिनिटांत गेलेलं. "नको. प्रेस सारखी थांबते म्हणून जिनिंगवाले ओरडतात. अप्पांनी सांगितलंय. सीझननंतर बघू."

हे मी विसरले होते. खरंच विसरले होते. पानावर तरी खोटं कशाला लिहू.

अप्पांनी मसुदा वाचला. डोळ्याखाली अजून काळं-निळं. ही दोन पानं काढा, म्हणाले — तो मुलगा तसाही बोलायच्या स्थितीत नाही. मी मेल जोडून अहवाल पोलिसांना पाठवला. पाचही जिनिंगना पाठवला. अप्पांनी माझा लॅपटॉप उचलून फरशीवर आपटला. तोवर अहवाल गेला होता.

शनिवार, १३

पाचही प्रेस थांबल्या. प्रत्येक ठिकाणी स्वतः फोन करून विचारलं.

शेषेराव अजून घरीच, पोलिसांनी उचललेला नाही. त्याला फोन केला. नाव सांगा म्हणाला होतात ना, म्हटलं, ते नाव माझं. पोरानं थांबवू का विचारलं होतं, मी नको म्हणाले. मागे म्हशीच्या साखळीचा आवाज येत होता.

"मंग मी मारलं कुनाला, ताई?"

दुपारी तो स्वतः ठाण्यात जाऊन बसला.

रविवार, १४

श्रीशैल सकाळी सातला गेला. त्याच्या मामांनी कळवलं. शेषेरावचं कलम बदलणार, आता खुनाचं.

उद्या अकराला माझा जबाब. श्रीशैलची आई शांतम्मा ठाण्यात येणार आहेत. त्यांना वाचता येत नाही. तो मेल मी मोठ्याने वाचून दाखवावा, असा त्यांचा निरोप आहे.