गोदेला मीठ कळत होते

मी, काळुराम बिन भिवा मढवी, जात आगरी, उमर अदमासे साठ, धंदा मिठागर, राहणार मौजे कोलशेत, तालुके साष्टी, जिल्हे ठाणे, आज आपल्या घरच्या ओटीवर बसून, कोणाच्या धाकाने अगर भिडेने नव्हे, राजीखुशीने हे मृत्युपत्र सांगून लिहवीत आहे. मला अक्षर येत नाही. लिहिणार मोरेश्वर मास्तर. पायांवर सूज चढली आहे, रात्री उताणे निजवत नाही, पण डोके जाग्यावर आहे.

डोके जाग्यावर आहे असे लिहिले, म्हणून एक कबुलीही लिहावी लागते. गावातल्या कोणाचाही स्वभाव मला विचारावा, मी सांगेन. महिपत हट्टी, मारुती चेंगट, माझी बहीण आवडाबाई तोंडाळ पण मनाची साफ. स्वतः काळुराम कसा, हे मात्र मला गेल्या चैत्रापर्यंत ठाऊक नव्हते. मी समजत होतो की मी कामाला चोख. मास्तर म्हणाले, "काळुराम, हे मृत्युपत्रात लागत नाही." मी म्हटले, लागते. नाहीतर पुढची वाटणी कोणाला उमगायची नाही.

कलम पहिले. खाडीकाठचे माझे अठरा वाफ्यांचे मिठागर, बांध आणि भरतीचे पाणी आत घ्यायच्या उघाडीसकट, माझा एकुलता मुलगा विश्राम यास द्यावे. तो सध्या कल्याणास रेल्वेच्या भरावाच्या कामावर आहे. याखाली मी सात अटी लिहविल्या होत्या. उघाडी कोणत्या भरतीला उघडावी, वाफा किती दिवस तुडवावा, मीठ ओढायची फळी कशी धरावी, असे सगळे. मास्तरांनी वाचून दाखविल्या तेव्हा मीच त्या खोडायला लावल्या. वरची खाडाखोड माझ्या सांगण्याने झाली आहे, ती मला मान्य आहे.

या मिठागराचा पश्चिमेचा बांध सात वर्षांपूर्वी विश्रामाने एकट्याने घातला होता. मी तेव्हा तापाने पडलो होतो. एकोणीस दिवस तो चिखलात उभा राहिला. मी उठलो, काठी टेकत गेलो, आणि एका अंगाला बांध चार बोटे खाली आहे म्हणून मजुरांच्या देखत तो उकरून काढला व पुन्हा घातला. विश्राम बघत उभा होता. मग त्याने उघाडीपाशी हातपाय धुतले, आणि दुसऱ्या दिवशी बायको शेवंती हिला घेऊन कल्याणास निघून गेला. मी घातलेला बांध पुढच्याच उधाणाला फुटला. खेकड्यांनी पोखरला असे मी गावभर सांगितले. ते खोटे होते. खेकड्यांचा काही दोष नव्हता.

कलम दुसरे. राहते घर विश्राम व शेवंती यांचे. मागची खोली आवडाबाईकडे तिच्या हयातीपर्यंत राहावी. तिने चूल कुठे मांडावी हे तिला कोणी शिकवू नये. मी पुष्कळ शिकविले, आता पुरे.

कलम तिसरे. चुलतभाऊ महिपत याच्याशी मी बारा वर्षे बोललो नाही. त्याने होडी काठच्या खुंट्याला बांधली होती, ती मला ढिली वाटली, म्हणून मी माझ्या गाठीने आवळून ठेवली. रात्रीत वारा सुटला, त्याला गाठ सुटेना, त्याने दोर कोयत्याने तोडला आणि मला भर बाजारात शिव्या दिल्या. मी त्याला आजवर कृतघ्न म्हणत आलो. त्यास काथ्याचा नवा दोर द्यावा. गाठ त्याची त्याने मारावी.

कलम चौथे. हे कलम माझी बायको गोदा हिच्याविषयी आहे. ती पावणेतीन वर्षांपूर्वी वारली, तरी हे लिहून ठेवणे जरूर आहे.

एकतीस वर्षे गोदेच्या हातचे कालवण अळणी असे. मी उठून मडक्यात मीठ घालीत असे. लग्नाकार्यात, चार लोकांत मी म्हणत असे, मिठागरवाल्याची बायको, आणि हिला मीठ कळत नाही. माणसे हसत. गोदाही पदर तोंडाला लावून हसे. ती हसते म्हणून मी पुन्हा म्हणे.

तिला नेले त्या दिवशी विश्राम कल्याणाहून आला. त्याने चिता रचली. मला दोन लाकडे वाकडी दिसली. मी ती काढली आणि पुन्हा लावली. देवाशप्पथ सांगतो, माझा हात तिकडे गेल्याचे मला नंतर कळले. विश्रामाने माझ्याकडे पाहिले, अग्नी दिला, आणि घरी न येता घाटावरूनच परत गेला.

दोन वर्षे वाट पाहून गेल्या चैत्रात मीच कल्याणास गेलो. माफी मागायची हे मनात पक्के केले होते. बरोबर आपल्या आगरातले मीठ घेतले होते. विश्राम अजून कामावरून आला नव्हता, शेवंती पाण्याला गेली होती. चुलीवर कोलंबीचे कालवण शिजत होते. मी झाकण उचलले आणि मूठभर मीठ घातले. चवही पाहिली नाही.

विश्राम आला, पाया पडला, आम्ही जेवायला बसलो. त्याने एक घास घेतला, मग मडक्याकडे पाहिले, मग माझ्या पिशवीकडे. म्हणाला, "बा, तू इथंपन आलास." एवढेच. आवाजसुद्धा चढविला नाही. पान सारून तो उठला, तो मी निघेपर्यंत परतला नाही.

होडीपर्यंत शेवंती पोचवायला आली. वाटेत मी म्हटले, पोरी, तुझ्या सासूसारखेच तुझेही अळणी असेल असे मला वाटले. ती थांबली. म्हणाली, "मामा, आत्याबायला मीठ कळत होतं. ती मुद्दाम कमी टाकायची. मी लगीन होऊन आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मना सांगितलेलं, अगं, यांचा हात कुठंतरी जानारच. मिठात गेला म्हंजे बाकीच्या घराला लागत नाय."

मी होडीत बसलो. एकतीस वर्षे ती बाई रोज माझ्या हातासाठी एक खोट राखून ठेवीत होती, आणि वर माझी थट्टा सोशीत होती. मला रडू आले. नावाड्याने विचारले, पोटात दुखते काय? मी हो म्हटले.

तेव्हापासून मी स्वतःवर नजर ठेवून आहे. दुसरा काम करू लागला की माझ्या तळहाताला खाज सुटते, जीव वर येतो, आता बिघडणार असे वाटते. लहानपणी थोरला भाऊ गणू उघाडी लावायला विसरला आणि वर्षाचे मीठ एका भरतीत विरघळले, ते मी पाहिले होते. तेव्हापासून असेल. पण त्याचे खापर गणूवर फोडीत नाही. या आठ महिन्यांत मी हात पाठीमागे धरायला शिकतो आहे. चार वेळा जमते, पाचव्या वेळी हात जात नाही असे नाही.

तरी या मृत्युपत्राने जाहीर करतो की गोदेला मीठ कळत होते. हे आवडाबाईने गावात सर्वांना सांगावे. तिच्या चांदीच्या पाटल्या शेवंतीला द्याव्यात.

कलम पाचवे. माझी मीठ ओढायची फळी विश्रामास देऊ नये. तिचा दांडा माझ्या मुठीला झिजला आहे. ती चुलीत घालावी. त्याने आपली नवी करावी.

विश्रामास एक निरोप धाडला आहे. आठ दिवस झाले, उत्तर नाही. दुसरा धाडावा असे रोज मनात येते. धाडणार नाही. तो न आला तर मारुतीने बांधाची राखण करावी आणि वाफे पडीक राहू द्यावेत. त्याला कोणी बोल लावू नये.

कलम शेवटचे. माझी चिता विश्रामाने रचावी. त्याने मोठे लाकूड खाली घालो की वर, डोके कुठल्या अंगाला येवो, कोणी सुचवू नये. तिथे जे जे शहाणे जमतील त्यांनी हात पाठीमागे घेऊन उभे राहावे. विश्रामा, सावकाश रच, घाई करू नको. त्या दिवशी माझा हात मध्ये येणार नाही.

येणेप्रमाणे सांगितले, वाचून घेतले, ते बरोबर आहे.

नांगराची निशाणी, काळुराम बिन भिवा मढवी, याच्या हातची.

निशाणी काढताना नांगराचा फाळ वाकडा आला आहे. दुसरा कागद घेऊ काय, असे विचारले. सांगणार निशाणीकडे पाहून असू द्या म्हणाले. दस्तुर मोरेश्वर नारायण चित्रे, शाळामास्तर.

साक्षी: मारुती बिन तानाजी भोईर, नांगराची निशाणी.
साक्षी: पोपट बिन हिरू केणी, नांगराची निशाणी.

मुक्काम कोलशेत, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८०६, तारणनाम संवत्सर.